भूतनाथचं बयान

मागचे दोन भाग आपण रेसिडेन्सी आणि १८५७ वर घालवले, तेव्हा आज जरा हलका विषय घेऊ असं ठरवलं होतं. विषय कॉमिक्सचा आहे. पण तयारी करता करता तो माझ्यापुरता हलका राहिला नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

मे महिन्यात नातू पुण्याहून लखनौला आला होता. ज्यांनी लखनौचा मे पाहिलेला नाही त्यांना सांगतो, सकाळी नऊनंतर इथं कुणी शहाणा माणूस घराबाहेर पडत नाही. लू वाहायला लागते, खिडक्या बंद करून बसावं लागतं, आणि मलिहाबादचे दशहरी आंबे यायला अजून अवकाश असतो. म्हणजे बारा वर्षांच्या मुलानं करायचं काय? तो सोफ्यावर उताणा पडून व्हेनमचं कॉमिक वाचत होता. काळा अंगरखा, तोंडभर सुळे, हातभर जीभ. मी विचारलं, हा कोण राक्षस? तो म्हणाला, "आबा, हा आधी व्हिलन होता. आता हिरो झालाय. त्याची वेगळी सिरीज आहे." आणि मग पान उलटता उलटता, माझ्याकडे न बघता म्हणाला, "पण आधीच्याची शिक्षा त्याला कधी झाली तेच कुठं दिलेलं नाही."

मुलं असे प्रश्न विचारतात आणि मग आंबा मागतात. आपण मात्र तिथंच अडकून बसतो.

आधी ही भानगड काय आहे ते समजावून घेऊ. मूळ मालिकेतलं एखादं पात्र उचलायचं आणि त्याच्या नावानं वेगळी मालिका काढायची, याला इंग्रजीत स्पिन-ऑफ म्हणतात. मी कराडकडचा, उसाच्या पट्ट्यातला माणूस. मी याला फुटवा म्हणतो. उसाच्या बुंध्याला बाजूनं कोंब येतात ना, ते फुटवे. रस मूळ उसाचाच, पण कांडं वेगळं.

चांगल्या पात्राचा फुटवा काढणं सोपं. खलनायकाचा काढणं अवघड, कारण वाचकानं आतापर्यंत त्याचा द्वेष केलेला असतो. आता त्याच्याच बाजूनं दोनशे पानं वाचायची तर त्याच्या जुन्या पापांचं काहीतरी करावं लागतं. झाकायची, धुवायची, की मांडायची? माझ्या मते अशा मालिकेची सगळी परीक्षा एवढ्या एका गोष्टीत असते.

व्हेनमचंच घ्या. डेव्हिड मिशेलिनी हे लेखक आणि टॉड मॅकफार्लेन हे चित्रकार यांनी त्याला १९८८ साली स्पायडरमॅनच्या ३०० व्या अंकात पूर्ण रूपात आणलं. एडी ब्रॉक नावाचा पत्रकार. एका खुनाच्या प्रकरणात त्यानं भलत्याच माणसाला गुन्हेगार म्हणून छापलं, स्पायडरमॅननं खरा गुन्हेगार पकडून दिला, आणि याची नोकरी गेली. चूक स्वतःची, राग स्पायडरमॅनवर. तिकडे स्पायडरमॅननं झिडकारलेला एक परग्रहावरचा जीव होता, अंगरख्यासारखा अंगाला चिकटणारा. दोन नाराज एकत्र आले आणि व्हेनम झाला. वाचकांना तो इतका आवडला की १९९३ मध्ये 'लीथल प्रोटेक्टर' नावाची सहा अंकांची त्याची स्वतःची मालिका निघाली. त्यासाठी काय केलं? स्पायडरमॅनशी त्याचा समेट घडवला आणि त्याला न्यूयॉर्कमधून उचलून सॅन फ्रान्सिस्कोला नेऊन ठेवलं. थोडक्यात, बदली केली. आमच्याकडे वादग्रस्त माणसाचं पूर्वी जे व्हायचं तेच.

पण गंमत पुढं आहे. व्हेनमनं पूर्वी तुरुंगातला एक पहारेकरी मारलेला असतो. त्या पहारेकऱ्याचा बाप या मालिकेत सूड घ्यायला येतो. तो बाप निवृत्त जनरल आहे! मी नातवाकडून पुस्तक ओढून घेतलं ते इथं. म्हटलं, आमच्या बिरादरीतला माणूस काय करतो बघू. तर तो चिलखती माणसांची टोळी जमवतो, व्हेनमच्या मागं लागतो, आणि मालिकेत वाईट ठरतो. पोरगा ज्याचा मेला तो खलनायकाच्या खुर्चीत, मारणारा नायकाच्या. नातवाला शिक्षेचं उत्तर का सापडलं नाही ते मला कळलं. शिक्षा मागणाराच दुष्ट ठरवला की प्रश्न मिटला.

आपल्याकडच्या कॉमिक्सनी दुसरी वाट काढली. राज कॉमिक्सचा नागराज १९८६ मध्ये आला. उत्तर प्रदेशात चाळिशी ओलांडलेल्या कुणालाही विचारा, डोळे चमकतील. पहिल्या गोष्टीत हा नागराज नायक नाहीच. प्रोफेसर नागमणीनं त्याला दहशतवाद्यांना भाड्यानं द्यायचं हत्यार म्हणून तयार केलेला असतो. मग बाबा गोरखनाथ त्याच्या डोक्यात बसवलेली कुपी काढून टाकतात आणि तो मोकळा होतो. म्हणजे पाप कुपीचं, माणूस स्वच्छ. फार सोयीचं आहे हे. कुपी निघाली की हिशेब संपला.

आणि आमच्या पिढीचा बहादूर? इंद्रजाल कॉमिक्स मराठीतही यायची. सुट्टीत वेताळ आणि मँड्रेकचे अंक भावंडांत फाडाफाडी करून वाचलेले अनेक जण आता हे वाचत असतील. त्यात १९७६ मध्ये आबिद सुरती यांनी बहादूर आणला. डाकूचा मुलगा. ज्या पोलीस अधिकाऱ्याच्या हातून बाप मेला त्यानंच त्याला वाढवलं, आणि मुलगा पुढं डाकूंविरुद्ध उभा राहिला. छान गोष्ट आहे. पण तिथंही पाप बापाचं. मुलाच्या हाताला रक्त लागलेलं नाही.

तेव्हा, ज्याच्या हाताला रक्त लागलेलं आहे, कुपी वगैरे काही नाही, जे केलं ते शुद्धीवर केलं, अशा माणसाचा फुटवा आपल्याकडे कुणी काढला का? काढला. व्हेनमच्या आधी शहाऐंशी वर्षं, १९०७ साली, इथून रेल्वेनं काही तासांवर असलेल्या बनारसमध्ये. त्याचं नाव 'भूतनाथ'. ती कादंबरी आहे, कॉमिक नाही. पण भागाभागांनी निघणारी, पुढचा भाग कधी येतो म्हणून लोकांना ताटकळत ठेवणारी मालिका, हे सगळं तेच.

मात्र बनारसला जायच्या आधी दोन मिनिटं लखनौमध्येच थांबू, कारण बी इथलं आहे. मुन्शी नवलकिशोर यांनी १८५८ मध्ये इथं छापखाना काढला. त्या छापखान्यानं १८८३ पासून 'तिलिस्म-ए-होशरुबा' छापायला घेतलं. अमीर हमजाची दास्तान शेकडो वर्षं तोंडी सांगितली जात होती. होशरुबा हा तिचाच एक प्रचंड फुटवा. पहिले चार खंड मुहम्मद हुसेन जाह यांनी लिहिले, ते दूर झाल्यावर पुढचे अहमद हुसेन कमर यांनी. मधेच लेखक बदलायची कॉमिक्सवाल्यांची पद्धत लखनौला जुनीच आहे म्हणायची. हमजाची सगळी दास्तान मिळून नवलकिशोरनं शेहेचाळीस खंड काढले.

त्यात नावाला नायक हमजा असला तरी वाचकाचा जीव अडकतो अमर अय्यारमध्ये. अय्यार म्हणजे काय? आपल्याला सोपं आहे, बहिर्जी नाईक आठवा. वेष पालटणारा, शत्रूच्या गोटात शिरणारा, बातमी काढणारा. फक्त बहिर्जीच्या स्वामिनिष्ठेत थोडा लोभ, थोडी चोरी आणि बराच वात्रटपणा मिसळा, की अमर अय्यार झाला. त्याच्याकडे एक झोळी आहे जिच्यात अख्खं जग मावतं, आणि ती भरायची त्याची हाव संपत नाही. होशरुबात शत्रूच्या मातब्बर जादूगारणी, महरुख आणि बहार, इकडच्या बाजूला येऊन मिळतात. पण त्यांच्या जुन्या हिशेबाची चौकशी फारशी कुणी करत नाही. इकडे आल्या, संपलं.

देवकीनंदन खत्री हे या वातावरणातले. जन्म १८६१, बिहारमधला. नंतर काशीला स्थायिक झाले आणि काशी नरेशांच्या राज्यातल्या चकिया आणि नौगढच्या जंगलांचा ठेका घेतला. आजचा चंदौली जिल्हा. त्या जंगलांत फिरताना पडके किल्ले, भुयारं, दऱ्या पाहिल्या. ठेका गेला, पण भुयारं डोक्यात राहिली. १८८८ मध्ये 'चंद्रकांता' आली. १९९४ मध्ये दूरदर्शनवर मालिका लागली तेव्हा क्रूरसिंगाच्या भुवया सगळ्या देशानं पाहिल्या. पण मंडळी, ती मालिका म्हणजे पुस्तक नव्हे. पुस्तकात जादू नाही. अदृश्य वाटणारी प्रत्येक गोष्ट शेवटी कळ, कुलूप, औषध किंवा आरसा निघते. इंजिनिअर कोअरच्या माणसानं वाचावं असं पुस्तक आहे.

'चंद्रकांता'नंतर 'चंद्रकांता संतति', चोवीस भाग. आणि त्या संततीत भूतनाथ येतो.

खत्रींच्या जगात बाजू बदलणं ही मोठी गोष्ट नाही, हे आधी लक्षात घ्या. अय्याराला मारायचं नाही, पकडलं तर कैदेत ठेवायचं, असा तिथं दंडक आहे. चुनारच्या राजाचे पंडित बद्रीनाथांसारखे नामांकित अय्यार पुढं सरळ वीरेंद्रसिंहाच्या चाकरीत येतात, आणि कुणाच्या भुवया उंचावत नाहीत. काल त्या मालकाचं काम चोख केलं, आज या मालकाचं करतील. शिपाईगिरीत हे मला समजतं. शत्रूचा शिपाई हा गुन्हेगार नसतो.

भूतनाथचं तसं नाही. तो चांगल्यांच्या बाजूनं काम करतो, धाडसी आहे, हुशार आहे, पण काही जुनी कागदपत्रं समोर आली की हा बहाद्दर थरथर कापायला लागतो. हळूहळू कळतं की याचं खरं नाव गदाधरसिंह. रणधीरसिंहांचा अय्यार. स्वतः मेल्याची हूल उठवून तो नव्या नावानं जगतोय. त्याची स्वतःची मुलगी कमला याच गोष्टीत दुसऱ्या टोकाला अय्यारी करते आहे आणि बाप मेला असं समजते आहे. का लपला? तर त्याच्यावर शत्रूला मारल्याचा नाही, आपल्या माणसाला मारल्याचा डाग आहे. संततीच्या शेवटाकडे त्याचा मुकदमा चालतो, इतरांची काळी कृत्यं बाहेर येतात आणि त्याला माफी मिळते. आणि मग महाराज सुरेंद्रसिंह हुकूम करतात, तू तुझी जीवनी लिहून दे.

क्रम पाहा. माफी आधी, जबानी नंतर.

ही जीवनी म्हणजेच 'भूतनाथ' ही मालिका. आणि तिची सुरुवात मला आजवर वाचलेल्या कुठल्याही कॉमिकपेक्षा जास्त धूर्त वाटते. पहिल्या परिच्छेदात भूतनाथ स्वतः बोलतो. बापानं नाव काय ठेवलं, पुढं काय पडलं, महाराजांच्या आज्ञेनं लिहायला बसलोय, हे सांगतो. आणि लगेच म्हणतो की मी हे जीवनीसारखं लिहिणार नाही, कादंबरीसारखं लिहीन. झालं! तिथून पुढं 'मी' गायब. भूतनाथ आला, भूतनाथ गेला, भूतनाथ म्हणाला. आरोपीनं स्वतःची जबानी तृतीय पुरुषात लिहून दिली आहे. आपण पुढची शेकडो पानं वाचताना ते विसरून जातो, आणि विसरावं अशीच त्याची इच्छा आहे.

खत्रींच्या पुस्तकांत प्रकरणाला प्रकरण म्हणत नाहीत. पहिला बयान, दुसरा बयान असं म्हणतात. बयान म्हणजे वर्णन, निवेदन. पण उत्तरेत कुठल्याही पोलीस ठाण्यात जा, साक्षीदाराची जबानी घेतात तिलाही बयानच म्हणतात. इतर पुस्तकांत हा नुसता रिवाज आहे. या पुस्तकात तो शब्द टोचतो.

आता मुख्य गोष्ट. पुस्तक उघडतं तेव्हा प्रभाकरसिंह आणि त्याची बायको इंदुमती संकटात रानोमाळ फिरतायत. भूतनाथ त्यांना आपल्या गुप्त खोऱ्यात आसरा द्यायला नेतो. भुयारात प्रभाकरसिंहाची वाट चुकते आणि तो शेजारच्याच दुसऱ्या खोऱ्यात पोचतो. तिथं कोण राहतं? जमना आणि सरस्वती. दयारामच्या दोन बायका, सख्ख्या बहिणी. ज्याच्या मृत्यूचा डाग भूतनाथवर आहे तोच हा दयाराम. भूतनाथचं म्हणणं, चूक झाली. या दोघींचं म्हणणं, खून केला. जगाच्या दृष्टीनं त्या नाहीशा झालेल्या आहेत आणि नावं बदलून, भूतनाथच्या घरापासून एका डोंगराच्या अंतरावर, त्याच्या नाशाची तयारी करतायत. त्यांना तिथं आसरा दिलाय इंद्रदेवानं, जो भूतनाथचाही मित्र आहे.

मला हे इंद्रदेव पात्र फार अवघड वाटतं. त्याला दोन्ही बाजू ठाऊक आहेत. मित्र सुधारावा असंही वाटतं आणि त्या दोघींना न्याय मिळावा असंही. म्हणून तो दोघांनाही पूर्ण काही सांगत नाही. असे अधिकारी मी पाहिले आहेत, आणि एका काळात मी तसाच होतो.

जमना-सरस्वतींना खत्रींनी व्हेनममधल्या त्या बिचाऱ्या जनरलसारखं केलेलं नाही. त्यांचा राग खरा आहे, डाव पक्के आहेत, त्यांच्या खोऱ्याला भुयारं आणि दरवाजे आहेत, आणि पानंच्या पानं त्यांच्या बाजूनं आहेत. त्या चुकतात तेव्हा आपल्याला हळहळ वाटते. आणि भूतनाथ? तो जुना डाग पुसायला नवं पाप करतो. बदनामीच्या भीतीनं या बायकांच्याच जिवावर उठतो. सुधारेन म्हणून शब्द देतो, मोडतो, पुन्हा देतो. वाचकाला शेवट आधीच माहीत आहे, याला माफी मिळणार आहे. त्यामुळे तो वाचेल का ही उत्सुकता उरतच नाही. उरतो तो प्रश्न असा, की आपण संततीमध्ये ज्याच्या माफीवर खूश झालो तो माणूस नेमका कोण होता? फुटव्याची ही ताकद. मूळ उसाची चव तो मागं जाऊन बदलतो.

मी ही पुस्तकं निवृत्तीनंतर वाचली. नक्खासच्या रविवारच्या बाजारात जुने, पिवळे पडलेले भाग मिळाले, पाठीला शिवण उसवलेली. वाचताना एका बयानाशी येऊन मी पुस्तक मिटलं आणि दोन दिवस उघडलं नाही. त्याचं कारण सांगतो. हे मी या मालिकेत आधी कधी सांगितलेलं नाही.

१९९६ ची गोष्ट. काश्मीर. मी मेजर होतो, एका कंपनीचा कमांडर. गावाचं आणि युनिटचं नाव सांगत नाही, गरज नाही. त्या काळात शरण आलेली काही माणसं आमच्याबरोबर काम करत. आमच्याकडे असा एक होता. वय सव्वीस-सत्तावीस. बंदूक उचलण्याआधी अक्रोडाच्या लाकडावर नक्षी कोरायचा. बोटं तशीच होती, लांब आणि सावध. एका पहाटे गस्तीवर त्यानं हात वर करून आम्हाला थांबवलं. रस्त्याच्या कडेची माती त्याला ताजी वाटली. खाली सुरुंग होता. माझ्यासकट अकरा जण त्या मातीवरून जाणार होतो. त्यानंतर तो आमचा झाला. मेसमधून त्याला जेवण जायला लागलं.

काही आठवड्यांनी एक म्हातारी गेटवर यायला लागली. दर शुक्रवारी. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला मुलाचा फोटो. तीन वर्षांपूर्वी रात्री त्याला घरातून नेलं होतं. नेणाऱ्यांत हा होता असं तिचं म्हणणं. संत्री तिला चहा द्यायचा. मी संत्र्याला सांगून ठेवलं होतं की तिच्याशी नीट वागायचं. मला तेव्हा वाटायचं, आपण फार सभ्य आहोत.

मी त्याला बोलावून विचारलं. तो म्हणाला, साहेब, मी नाल्यापलीकडे उभा होतो, आत दुसरे गेले. मी त्याचं बयान लिहून घेतलं. आम्ही अशा कागदात 'मी' लिहीत नाही. 'सदर इसम घटनेच्या वेळी अंतरावर होता' असं लिहितो. दोन पानं, चांगल्या इंग्रजीत. माझं इंग्रजी चांगलं आहे याचा मला अभिमान होता. महिनाभरानं शेकोटीजवळ बसलेलो असताना त्या रात्रीचा विषय त्यानंच काढला, आणि बोलता बोलता म्हणाला की त्या घराच्या दाराला खालची कडी होती, ती आतून काढता येत नव्हती. नाल्यापलीकडून दाराची कडी दिसत नाही. मला ते त्याच क्षणी कळलं. त्यालाही कळलं की मला कळलं. मी लाकूड आत सरकवलं आणि दुसरा विषय काढला.

ते मी कुठंही लिहिलं नाही. म्हातारीला आत बोलावून तिचं बयान मी एकदाही घेतलं नाही. माझी बदली होईपर्यंत ती येत होती. माझ्यानंतर आली का, मी विचारलं नाही.

त्या माणसामुळे मी जिवंत आहे आणि हा नातू आहे. हे खरं आहे. त्यानं मला दिलेल्या आयुष्याच्या बदल्यात मी त्याला काय दिलं तेही खरं आहे. मी त्याला तृतीय पुरुष दिला. आणि खत्रींनी जे दोन बायकांना दिलं, एक खोरं, चार भुयारं आणि दोनशे पानं, ते त्या म्हातारीच्या वाट्याला आलं नाही. तिला गेट मिळालं आणि चहा.

असो. भूतनाथकडे वळू.

देवकीनंदन खत्री १९१३ मध्ये गेले. 'भूतनाथ'चे सहा भाग झाले होते. नायक पापात गळ्यापर्यंत बुडालेला, दोघी बहिणींचा सूड अर्धवट, आणि लेखक गेला. मुलगा दुर्गाप्रसाद तेव्हा अठरा वर्षांचा. त्यानं पुढं ती गोष्ट हाती घेतली आणि एकवीस भागांपर्यंत नेऊन पुरी केली. वर 'रोहतासमठ' नावाचा आणखी एक फुटवा काढला. बापानं अर्धवट ठेवलेल्या गुन्हेगाराला मुलानं शेवटापर्यंत नेणं, हे काम मला सोपं वाटत नाही. गाठी कुठं सुटायच्या ते संततीत बापानं आधीच ठरवून ठेवलेलं. प्रत्येक वाक्य त्या शेवटाला जाऊन मिळालं पाहिजे. लेखणी बदललेली जाणवते का? मला जाणवली. मुलगा जास्त वेगवान आहे, त्याला घडामोडींची हौस आहे. बाप थांबून बघायचा. पण माझ्या शेजारचे निवृत्त प्राध्यापक, ज्यांनी लहानपणी हे सगळं कंदिलाखाली वाचलंय, ते म्हणतात काही फरक नाही, तुम्ही मराठी लोक उगाच चिकित्सा करता.

वाचायचं असेल तर क्रम सांगतो. आधी 'चंद्रकांता', ती चार दिवसांत होते. मग 'संतति', तिला धीर लागतो, मधले काही भाग नुसते धावतात. मग 'भूतनाथ'. उलट क्रमानं वाचू नका. माफी आधी पाहिली पाहिजे. हिंदी सोपी आहे, अडलं तर बटुआ म्हणजे अय्याराची पिशवी, कमंद म्हणजे गाठी मारलेली दोराची शिडी आणि लखलखा म्हणजे बेशुद्धाला शुद्धीवर आणायला हुंगवायचं औषध, एवढं पुरे. माझ्या फौजेतल्या हिंदीवर तीस वर्षांत जे झालं नाही ते या पुस्तकांनी सहा महिन्यांत केलं.

नातू जूनमध्ये दशहरीची पेटी घेऊन पुण्याला गेला. आता रोज रात्री साडेआठला त्याचा फोन येतो आणि मी एक बयान मराठीतून सांगतो. परवा जमना आणि सरस्वतीपर्यंत आलो. तो मधेच म्हणाला, "आबा, थांबा. त्या दोघींचं नीट सांगा. तुम्ही भूतनाथचंच जास्त सांगताय."

मी मागचं बयान पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.